आधी पडायला शिकवा

जूनमध्ये शाळा उघडल्या की महिनाभरात फोन सुरू होतात. "मॅडम, मुलगा फारच साधा आहे हो. वर्गातली पोरं त्रास देतात. त्याला दोन-चार सणसणीत फटके शिकवा, म्हणजे परत कुणी वाटेला जाणार नाही." असं म्हणणारे बहुतेक वेळा बाबा असतात. आईचा पहिला प्रश्न वेगळा असतो, "लागत वगैरे नाही ना?" मी ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनला एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांना ज्युदो शिकवते. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. फटके शेवटी. आधी पडायचं, मग नीट उभं राहायचं, मग ओरडायचं, मग सुटायचं. एवढं अंगात भिनलं की फटक्यांपर्यंत यायची वेळ फार थोड्या मुलांवर येते.

ज्युदो सुरू करणारे कानो जिगोरो स्वतः शाळेत मार खाणारे होते. अंगाने लहान, अभ्यासात हुशार, वसतिगृहातली दांडगी मुलं रोज छळायची. म्हणून त्यांनी जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजकला शिकायचं ठरवलं आणि पुढे १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टोकियोत आपली शाळा काढली. ते शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापकही झाले. क्लासमधल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा सगळ्यात बारका मुलगा हमखास मान वर करून बघतो.

क्लास शोधायच्या आधी

नेमकं काय होतंय ते काढून घ्या. "तुला कोण त्रास देतं?" असं थेट विचारलं की मूल मिटतं. नाव सांगितलं तर आई शाळेत जाणार, मग उद्या दुप्पट, हे गणित त्याने आधीच मांडलेलं असतं. त्यापेक्षा जागांबद्दल विचारा. डबा कुठे खाल्लास? शेजारी कोण होतं? बसमध्ये कुठली सीट? शाळा सुटल्यावर कुठल्या जिन्याने उतरता? मी नव्या मुलाला कागद आणि स्केचपेन देते आणि शाळेचा नकाशा काढायला सांगते. जिथे जायला नको वाटतं तिथे लाल ठिपका.

पाचवीतल्या एका मुलाने दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंतचा जिना काढला आणि मधल्या वळणावर लाल रंगाने गिरगटून ठेवलं. "ताई, इथे ते मागून बॅग ओढतात. मी पडलो की हसतात." त्याचे बाबा मला ठोसे शिकवा म्हणत होते. मागून बॅग ओढली जात असताना ठोसा मारणार कुणाला? त्याला हवं होतं ते पाठीवर पडताना डोकं वाचवणं, बॅगेतून खांदा काढणं आणि जिन्यात कठडा धरणं. नकाशा नसता तर आम्ही त्याला भलतंच शिकवत बसलो असतो.

एक फरकही लक्षात ठेवा. दोन मुलांची मारामारी झाली, दुसऱ्या दिवशी ती एकत्र क्रिकेट खेळली, तर ते भांडण. तेच ते मूल, तीच ती टोळी, पुन्हा पुन्हा, आणि आपल्या मुलाला ते थांबवता येत नाही, तर ती दादागिरी. भांडणासाठी क्लास लावायची गरज नाही.

कुठला क्लास?

घराजवळचा. हे मी चेष्टेने सांगत नाही. घोडबंदरला कासारवडवलीकडे राहणारी मुलं माझ्याकडे सहाच्या बॅचला सव्वासहा, साडेसहाला धापा टाकत येतात. तोवर वॉर्मअप आणि पडण्याचा सराव, म्हणजे तासातला सगळ्यात उपयोगी भाग, संपलेला असतो. चालत जाता येईल असा बरा क्लास हा ट्रॅफिकमध्ये अडकवणाऱ्या नामांकित क्लासपेक्षा चांगला.

प्रकाराबद्दल माझं मत थोडं पक्षपाती असणारच. तरी सांगते. शाळेतल्या दादागिरीत ठोसे कमी आणि धरणं, ओढणं, ढकलणं, गळ्यात हात टाकून दाबणं जास्त असतं. त्यामुळे ज्युदो किंवा कुस्ती थेट कामाला येते, कारण तिथे रोज कुणीतरी तुम्हाला धरलेलंच असतं. कराटेतून उभं राहणं, अंतर राखणं आणि आवाज उत्तम येतो. तायक्वांदोत लाथांचा भर मोठा, व्यायाम झकास, पण बाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत लाथ उचलायला वाव नसतो. मर्दानी खेळ किंवा मल्लखांब शिकवणारं कुणी जवळ असेल तर त्यानेही अंगातली भीती जाते. मात्र सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकवणारा माणूस. चांगल्या सरांचा मध्यम प्रकार घ्या.

आत जाऊन बघा. पालकांना बसू देत नसतील तर तिथेच विषय संपला. पडायला शिकवणार असतील तर मॅट दाट हवी, चाळीस मिलिमीटरच्या आसपासची. पंचवीसची कराटेला चालते, आपटायला नाही. पावसाळ्यात मॅटला कुबट वास येत असेल तर त्या उचलून वाळवल्या जात नाहीत असं समजा, मग महिनाभरात पोरांच्या पायांना खाज सुटते. मुलगी असेल तर बाई शिक्षक किंवा निदान बाई सहायक आहेत का ते विचारा. मुलाला हात लावायच्या आधी शिकवणारा "इथे धरतोय हं" असं सांगतो का, तेही बघा. आणि दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देणारा बोर्ड दिसला की पुढे चालू लागा. पट्ट्याच्या परीक्षा, प्रत्येक परीक्षेची फी, नवा ड्रेस, नवा बॅज, हे आधीच लिहून मागा. नंतर वाद नको.

सरांना एक प्रश्न जरूर विचारा: "तुमच्या मुलाने शाळेत कुणाला विनाकारण मारलं तर तुम्ही काय करता?" उत्तर पटकन आलं पाहिजे. "आमची मुलं असं करतच नाहीत" हे उत्तर नव्हे. माझ्याकडे असं मूल महिनाभर मॅटवर येतं, पण कुणाशी खेळत नाही. मॅट पसरणं, गुंडाळणं, लहानांना पडायला शिकवणं, एवढंच त्याचं काम.

वय? सहा-सात वर्षांपर्यंत कोलांट्या, पकडापकडी, खेळ. आठच्या पुढे शिस्तीत शिकवलेलं टिकतं.

पडणं

ढकललं की मूल घाबरतं, कारण पडण्याची भीती असते. त्या भीतीने ते आधीच खांदे वर करतं, पाठीत वाकतं, आणि समोरच्याला नेमकं हेच बघायचं असतं. जे मूल आठवड्यातून तीन दिवस मजेत आपटतं, त्याला ढकलण्यात समोरच्याला काही मजा उरत नाही.

पाठीवर पडणं असं शिकवा. सुरुवात आडवं झोपूनच. हनुवटी छातीला टेकवायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर. घरी पट्टा नसेल तर पॅन्टच्या नाडीवर. दोन्ही हात शरीरापासून साधारण हातभर बाजूला, तळवे खाली, आणि मॅटवर जोरात थाप. खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला नाही, तिरके खालच्या बाजूला. थाप मारताना तोंडाने श्वास बाहेर. हे जमलं की बसून मागे, मग उकिडवं बसून मागे, शेवटी उभ्याने गुडघे वाकवत मागे. प्रत्येक टप्प्याला आठवडा-दोन आठवडे लागू द्या. घाईने मूल मॅटवर डोकं आपटतं आणि पुन्हा कधी मागे पडायला तयार होत नाही.

सगळ्यात घट्ट सवय मोडायची असते ती हात मागे टेकवायची. पडताना प्रत्येक माणूस हात मागे टेकतो, आणि मनगट किंवा कोपर तिथेच जातं. म्हणून मी पहिले काही दिवस मुलांना छातीशी हात घडी घालूनच मागे लोळवते. मग थाप. एका कडेला पडणंही याच क्रमाने: ज्या बाजूला पडतोय त्याच हाताची थाप, दुसरा हात पोटावर, डोकं वर.

घरी सरावाला दोन गाद्या एकावर एक टाका. पलंगावर नको, स्प्रिंगमुळे अंग उडतं आणि कडा असतेच. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे एका मुलाच्या खाली राहणारे काका वर आले, तक्रार करायला, आणि शेवटी खुर्ची टाकून थापा मोजत बसले.

उभं राहणं आणि आवाज

एक पाय अर्धं पाऊल मागे, गुडघे किंचित सैल, दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, समोर. मूठ नाही. उघड्या तळव्यांचे दोन फायदे. हात आधीच वर असतात, तोंडावर काही आलं तर अडवता येतं. आणि लांबून बघणाऱ्या पीटी सरांना कोण भांडतंय आणि कोण थांब म्हणतंय ते स्पष्ट दिसतं. नंतर ऑफिसात बोलावतात तेव्हा याची किंमत कळते.

नजर कुठे? डोळ्यात डोळे घालून बघ असं सगळे सांगतात. लाजाळू मुलाला ते जमत नाही, आणि जमत नाही म्हणून ते आणखी खचतं. मी सांगते, त्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघ. समोरच्याला फरक कळत नाही.

मग आवाज. यावर आम्ही सगळ्यात जास्त हसतो आणि सगळ्यात जास्त घाम गाळतो. एका ओळीत मुलं, समोरच्या ओळीत मुलं, आणि एकेकाने पुढे येत म्हणायचं. पहिल्या दिवशी चौथीतली एक मुलगी कुजबुजल्यासारखं म्हणाली, "प्लीज नको ना." मी तिला म्हटलं, "प्लीज काढून टाक." "नको ना." "ना काढ." ती हसली. मग तिला पोटावर हात ठेवायला लावला, श्वास सोडताना पोट आत गेलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या तासाला तिने असं काही "हात लावू नकोस!" म्हटलं की बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आजींनी पिशवी सोडून दार उघडलं.

वाक्य छोटं हवं. "थांब." "हात लावू नकोस." "माझी बॅग सोड." शिवी नको, आईवडिलांचा उद्धार नको, "बघून घेईन" नको. शिवी दिली की समोरच्याला बहाणा मिळतो, आणि बाईंना दोघंही सारखेच दिसतात. टोपणनावाला उत्तर देऊ नये, "जाड्या" म्हटलं की वळायचंच नाही. नावाने हाक आली तर वळायचं. हे घरीही पाळा. मामाने लाडाने "ढब्बू" म्हटलेलं मुलाला खरंच आवडतं का, एकदा विचारा.

आणि वाक्य म्हणून झालं की निघायचं. शिक्षक, गेटवरचे वॉचमन काका, बसमधल्या ताई, चार मुलांचा घोळका, जिथे मोठं माणूस किंवा गर्दी असेल तिकडे. पळून जाणं म्हणजे हरणं, ही गोष्ट मुलं सिनेमातून शिकतात. आम्ही ती मॅटवर पुसतो: "शिवाजी म्हणतो"च्या चालीवर पकडापकडीचा एक खेळ आहे, त्यात जो सुटून दारापर्यंत पोचला तो जिंकला. धरणारा कितीही दांडगा असो, गुण सुटणाऱ्याला.

सुटणं

मनगट धरलं तर ताकदीने मागे खेचू नका. कुठल्याही पकडीत अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे फट असते. आपल्या मनगटाची बारीक बाजू त्या फटीकडे वळवायची, कोपर त्याच्या कोपराच्या दिशेने पुढे न्यायचं आणि हात आपल्या खांद्याकडे झटक्यात वर. एक पाऊल मागे. बाबांनी घरी खरंच घट्ट धरून बघावं. लुटूपुटूचं धरून सरावाला अर्थ नाही, पण अंगठ्याच्या फटीतून आठवीतल्या मुलाच्या हातातून तिसरीतलं मूल सुटतं, हे मी रोज बघते.

बॅग मागून ओढली तर बॅगेशी भांडायचं नाही. एका खांद्याचा पट्टा सोडायचा, त्याच बाजूला वळायचं, समोरासमोर यायचं, तळवे वर, आवाज. बॅग गेली तर गेली. पुस्तकं परत मिळतात.

केस ओढले तर दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्या डोक्यावरच दाबून धरायचा. ओढ थांबते, वेदना कमी होतात, मग त्याच्या दिशेने एक पाऊल. गळ्यात हात टाकून बगलेत डोकं दाबलं तर हनुवटी छातीशी, तोंड त्याच्या कोपराच्या खोबणीकडे, म्हणजे श्वास चालू राहतो. मग दोन्ही हातांनी त्याचं मनगट खाली ओढायचं. हे शिकवताना क्लासमध्ये टाळी दोनदा वाजवली की सोडायचं, हा नियम आधी. गळा आवळणं किंवा सांधा उलटा पिळणं लहान मुलांना कुणी शिकवत असेल तर मूल उचला आणि घरी आणा.

आयडी कार्डची फीत मागून ओढणं हा प्रकार फार वाढलाय. त्यावर उपाय डावपेचाचा नाही. ओढलं की आपोआप सुटणारं बक्कल असलेली फीत मिळते, ती घाला, आणि शाळेलाही सगळ्यांसाठी तीच मागवायला सांगा.

जिन्यात मात्र काहीही करायचं नाही. कठडा धर, खाली बस, ओरड. तिथे ज्युदो नको.

फटका

शिकवते. तळहाताच्या टाचेने, सरळ पुढे, छातीवर, समोरच्याला दूर ढकलण्याएवढा. मूठ नाही, कारण मुलं अंगठा आत घालून मूठ वळतात आणि स्वतःचाच अंगठा मोडून घेतात. एकदाच, जागा मिळाली की निघायचं. पडलेल्या मुलाला हात लावायचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि बचावापुरतंच बळ ही मर्यादाही, जशी जुन्या कायद्यात होती. मुलांच्या भाषेत: सुटलास की थांब.

तुमचं काम

क्लास लावला म्हणजे शाळेशी बोलायची जबाबदारी संपली, असं समजणारे पालक मला सगळ्यात अवघड जातात. आठ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या अंगबळावर सोडवावा असा हा प्रश्नच नाही. वर्गशिक्षिकेला लेखी द्या. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कुणी पाहिलं. विशेषणं नकोत. "गुंड मुलं" लिहिलंत की चर्चा तुमच्या भाषेवर जाते. प्रत घेऊन त्यावर पोच घ्या. आठवड्यात काही हललं नाही तर मुख्याध्यापक. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी. समितीवर कोण आहे ते विचारा. विचारल्यानेही हालचाल होते. मागणी नेमकी ठेवा: सुट्टीत त्या वळणावर एक शिक्षक उभे राहावेत. अशी मागणी शाळा सहसा मान्य करते. "कडक कारवाई करा" याचं पुढे काहीच होत नाही.

त्या मुलाच्या आईवडिलांना सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाठू नका. आणि ग्रुपवरच छळ चालला असेल, फोटो, मीम, ग्रुपमधून काढणं, तर त्यावर कुठलाही ज्युदो चालत नाही. स्क्रीनशॉट ठेवा आणि शाळेला दाखवा.

घाणेरडा स्पर्श, कपडे काढायला लावणं, तसे फोटो, असं काही असेल तर समजूत, "बघू", "पोरंच आहेत" हे सगळं बंद. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लहान मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन दिवसरात्र, मोफत चालते. तो नंबर मुलालाही पाठ असू द्या, आई-बाबांच्या नंबरासारखा.

फरक पडतोय का?

पट्ट्याचा रंग बघू नका. मूल बसमध्ये सीट बदलून पुढे बसायला लागलं का, डबा संपवून येतं का, रविवारी रात्री पोट दुखायचं थांबलं का, हे बघा. घरात धाकट्या भावाला धरून आपटत असेल तर मला लगेच सांगा. ज्याच्यावर दादागिरी झाली तेच मूल दोन महिन्यांत तीच टपली दुसऱ्याला मारतं, असं होतं, आणि ते शिकवणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. घरी आल्यावर "आज कुणाला मारलंस?" असं हसत हसत विचारणारे बाबाही बंद व्हायला हवेत. "आज किती वेळा पडलास?" हे विचारा.

दिवाळीनंतर आणखी एक प्रश्न येतो: आता शाळेत सगळं शांत आहे, क्लास बंद करू का? मुलाला विचारा. आवडत असेल तर राहू दे, फुटबॉल हवा असेल तर फुटबॉल. गादी टाकून महिन्यातून एखाद्या रविवारी पाठीवर पडण्याचा सराव करून घ्या, तो विसरला जात नाही पण गंजतो. आणि सोडणार असाल तर पंचवीस तारखेच्या आत सांगा, पुढच्या महिन्याच्या बॅचमध्ये वाट बघणारं कुणीतरी असतंच.